कापूस घरात, संप मोबाइलवर

२०२३ च्या मे महिन्यात आमच्या घरात माणसांपेक्षा कापसाला जास्त जागा होती. पुढची खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत भरलेली. मधल्या खोलीत अर्धा ढीग, त्याच्या पायथ्याशी माझी खाट. दिवाळीपासून साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात. ते दिसत नाहीत, पण रात्री दंडावर, मानेवर, पोटावर लाल पुरळ उठतं. माय खोबरेल तेलात कापूर घालून लावायची. बाहेर ओट्यावर झोपावं तर चव्वेचाळीस अंश खाऊन बसलेली फरशी पहाटेपर्यंत वाफ सोडते. त्यामुळे मी खाजवत कापसाशेजारीच पडून असायचो, मोबाइल बघत.

आदल्या वर्षी कापूस क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला होता. तो आकडा आमच्या खान्देशातल्या चोपडा तालुक्यातल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यात खिळ्यासारखा बसला होता. म्हणून या वर्षी कोणी कापूस विकला नाही. व्यापारी आठ हजार म्हणाला, लोकांनी दार लावून घेतलं. मग तो साडेसात म्हणाला, लोकांनी कडी घातली. कोणी सभा घेतली नव्हती, कोणी ठराव केला नव्हता. गावोगाव घरं कापसानं भरली, लोक खाजवत बसले आणि एकमेकांना विचारत राहिले, ‘इकी टाका का?’ म्हणजे, विकून टाकायचा का?

आमचे आप्पाही रोज सकाळी दात घासता घासता तेच म्हणत. ‘आखो आठ दिन थांबूत.’

मी मुंबईहून परत आलेला मुलगा. वय चौतीस. पटकथा लिहितो असं सांगतो. २०१४ ते २०२० मुंबईत होतो, मालिका लिहिल्या. ‘लिहिल्या’ या शब्दात जेवढं असायला हवं तेवढं माझ्या वाट्याला आलं नाही, पण त्याकडे नंतर येतो. लॉकडाऊनमध्ये आलो, आप्पांच्या गुडघ्यांमुळे राहिलो. आता अहिराणी व्हिडिओवाल्या पोरांना अधूनमधून विनोदी प्रसंग लिहून देतो, आणि कपाटात एक पूर्ण पटकथा आहे. ती वाचलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजून अंगठा उरतो.

१ मे रोजी ग्रामपंचायतीसमोर महाराष्ट्र दिनाचा झेंडा झाला. अमेरिकेतल्या पटकथालेखकांचा स्टुडिओंबरोबरचा करारही त्याच तारखेला संपत होता. तिकडे मध्यरात्र उलटली तेव्हा आपल्याकडे २ मेची दुपार, साडेबाराची वेळ. आप्पा जेवायला बसले होते. मी ताटावरच मोबाइल धरून वाचून दाखवलं: रायटर्स गिल्ड या त्यांच्या संघटनेचे साडेअकरा हजार लेखक संपावर गेले. संपाच्या बाजूनं ९७.८५ टक्के मतं.

आप्पांनी भाकरी मोडली आणि विचारलं, ‘त्यास्ले रोज किती भेटस?’

मी आठवड्याचा किमान दर रुपयांत करून सांगितला. आप्पांचा घास थांबला. मग हसून म्हणाले, ‘मंग ते बठा मोठा लोके शेतस ना. त्यास्ले काय कमी पडनं?’

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. तो आकडा बघून माझ्या पोटात सहानुभूती उठली नाही, दुसरंच काहीतरी उठलं. त्याला मत्सर म्हणायचं की भूक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण वाचत गेलो तसं कळायला लागलं की भांडण दरापेक्षा दुसऱ्याच गोष्टीवरून जास्त आहे. आप्पांना ते केळीवरून समजावलं, म्हणजे मलाही समजलं. आपल्याकडे केळीचं पहिलं पीक म्हणजे नवती. घड कापला की बुंध्याशी आलेलं एक पील ठेवायचं, त्याच मुळांवर पुन्हा बाग उभी राहते, ती पिलबाग. लागवडीचा खर्च नाही, तरी घड येतात. तिकडच्या लेखकाला पहिल्या लिखाणाचे पैसे मिळत, तो नवतीचा भाव झाला. मग मालिका पुन्हा दाखवली, दुसऱ्या देशात विकली, की प्रत्येक वेळी थोडा वाटा त्याच्या पत्त्यावर येई. ही त्याची पिलबाग. काम नसलेल्या महिन्यांत घरभाडं त्यावर निघायचं. हा वाटाही कोणी आपण होऊन दिलेला नव्हता. सिनेमा टीव्हीवर दाखवला तर आमचं काय, या प्रश्नावर त्यांनी १९६० मध्ये संप केला होता. इंटरनेटवर दाखवला तर आमचं काय, यावर २००७ च्या नोव्हेंबरपासून शंभर दिवस. आता स्ट्रीमिंग आल्यावर मालिका एकदा चढवली की ती तिथंच राहते, रात्रंदिवस चालते, जगभर चालते. पुन्हा दाखवली असं म्हणायलाच जागा उरत नाही. वाटा एका ठरीव रकमेवर येऊन थांबत होता, मग मालिका दहा हजार लोकांनी बघो की दहा कोटींनी. कितींनी बघितली ते सांगायला कंपन्या तयार नव्हत्या.

‘म्हणजे बाग उक्ती दिली,’ आप्पा म्हणाले.

अगदी तसंच. उक्तं म्हणजे एकदाच ठोक रक्कम घेऊन मोकळं होणं. आमच्याकडे ठोक रक्कम देणारा खूश असतो आणि ती घेणारा वर्षभर हिशेब करत बसतो.

माझ्या मुंबईतल्या एका करारात एक वाक्य होतं. या लेखनाचे सर्व हक्क कायमचे, आज अस्तित्वात असलेल्या आणि पुढे शोध लागणाऱ्या सर्व माध्यमांसाठी, संपूर्ण ब्रह्मांडात, निर्मात्याकडे राहतील. ब्रह्मांडात! मी तेव्हा खोलीतल्या पोरांना वाचून दाखवलं, आम्ही पोट धरून हसलो. मंगळावर सासू-सुनेचं भांडण लागलं तरी मला चहाचा कप मिळणार नाही. मग मी सही केली. २०१२ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात बदल झाला, जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले. त्या कायद्यानं लेखकाचा रॉयल्टीचा वाटा त्याला सोडून देता येत नाही, आणि करार करताना जे माध्यम जन्मालाच आलं नव्हतं त्याचे हक्कही, त्याचं नाव करारात स्पष्ट घेतलेलं नसेल तर, दिल्यासारखे धरता येत नाहीत. म्हणजे त्या वाक्यातला निम्मा भाग कायद्यासमोर टिकणाराच नव्हता. हे मला सही केल्यावर चार वर्षांनी कळलं. आधी कळलं असतं तरी मी सही केली असती. माझ्यामागे रांग होती.

रांग हा शब्द मी मुद्दाम वापरतोय.

त्या महिन्यात संपाबद्दल जे वाचलं त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नाही. गिल्डनं आपल्या सभासदांसाठी नियम केले होतेच, पण जे सभासद नाहीत त्यांच्यासाठीही एक होता. संपकाळात ज्या कंपन्यांविरुद्ध संप आहे त्यांच्यासाठी कोणी लिहिलं, तर त्याला पुढे गिल्डमध्ये प्रवेश नाही. म्हणजे ज्याला अजून आत घेतलेलंच नाही त्यालाही सांगितलं होतं की तूही संपावर आहेस. काम नसलेल्या माणसानं काम बंद ठेवायचं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. मी खाटेवर पडल्या पडल्या, मांडी खाजवत, लॉस एंजेलिसच्या गिल्डचं सभासदत्व धोक्यात न घालण्याचा निश्चय केला.

मग हसू गेलं. स्टुडिओच्या फाटकासमोर पाट्या घेऊन फिरणाऱ्या नावाजलेल्या लेखकाला संप महाग पडतो, हे कबूल. पण तो टिकतो की मोडतो हे ठरवणारा माणूस फाटकासमोर नसतोच. तो कुठेतरी भाड्याच्या खोलीत असतो, त्याच्या बॅगेत एक पटकथा असते, आणि वर्षानुवर्षं बंद असलेल्या दारातली एक जागा आज रिकामी झाली आहे असं त्याला दिसत असतं. तो माणूस मी एकदा होतो.

२०१७, पावसाळा. नालासोपाऱ्याची खोली, आम्ही चौघं, दोन धुळ्याचे, एक परभणीचा. रात्री पावणेअकराला एका मालिकेच्या क्रिएटिव्हचा, म्हणजे कथा सांभाळणाऱ्या माणसाचा, फोन आला. एक ट्रॅक अडलाय, बँक संपलीय, सकाळी नऊची शिफ्ट आहे, चार सीन हवेत, जमेल का. बँक म्हणजे आगाऊ शूट करून ठेवलेले एपिसोड. ती संपली की रोजच्या मालिकेची अवस्था चुलीवर तवा तापलेला आणि पीठ मळलेलं नाही, अशी होते. मी विचारलं, आधीच्या रायटर? तो म्हणाला, त्यांची तब्येत बरी नाही.

त्यांची तब्येत ठणठणीत होती हे मला माहीत होतं. त्या बाई मला पंधरा वर्षांनी मोठ्या, मी त्यांना ताई म्हणायचो. दोनच दिवसांपूर्वी आरामनगरच्या टपरीवर त्यांनी सांगितलं होतं, तीन महिन्यांचे पैसे अडलेत, आता पैसे आल्याशिवाय एक ओळ देणार नाही. संवादांचे पैसे टेलिकास्टनंतर नव्वद दिवसांनी, असा आमच्या धंद्याचा रिवाज, आणि ते नव्वद दिवस रबरासारखे ताणतात. ताईंनी एकटीनं संप केला होता. ढोल नाही, पाटी नाही. फक्त मेल पाठवणं बंद केलं होतं.

याच ताईंनी मला पहिला सीन लिहायला शिकवला होता. माझं पान वाचून त्या म्हणाल्या होत्या, ‘बाई स्वयंपाकघरात बोलत असली की तिचे हात रिकामे ठेवू नकोस रे. हातांना काम दे, मग तिला जे बोलायचं नाही ते हात बोलतील.’

त्या रात्री मी चार सीन लिहिले. तिसरा सीन चांगला झाला. सून सासूला सांगते की नवऱ्याची नोकरी गेली. सांगताना ती गवारीच्या शेंगा निवडत असते, आणि बोलणं संपेपर्यंत निवडलेल्या शेंगा आणि शिरा एकाच ताटात पडायला लागतात. नटीनं ते सुंदर केलं. एपिसोड लागला त्या रात्री ताईंचा मेसेज आला. तीनच शब्द.

‘गवार छान निवडलीस.’

मी उत्तर दिलं नाही. काय देणार?

ती मालिका मी अकरा महिने लिहिली. मायनं गावात सगळ्यांना सांगितलं होतं, रोज रात्री टीव्हीसमोर बायका जमायच्या. मालिकेच्या सुरुवातीला नावं धावतात तेव्हा माय पुढे सरकून बसायची आणि मग फोन करायची, ‘तुनं नाव कोठे शे रे भाऊ?’ मी सांगायचो, फार पटकन जातं. ते नव्हतंच. तिथं ताईंचंच नाव होतं, पाटी बदलायला कोणाला वेळ झाला नव्हता. म्हणजे ताईंना नाव होतं आणि पैसे नव्हते, मला थोडे पैसे होते आणि नाव नव्हतं. अकरा महिन्यांनी माझेही दोन महिन्यांचे पैसे अडले. मी जरा आवाज चढवला, आणि एका रात्री साताऱ्याकडच्या एका पोराला पावणेअकराला फोन गेला. पावणेअकरालाच गेला असेल हे मी आपलं धरून चाललोय.

आपल्याकडेही लेखकांची संघटना आहे. स्क्रीनरायटर्स असोसिएशन ट्रेड युनियन म्हणून १९६० पासून नोंदलेली आहे. मी सभासद आहे, माझी पटकथा तिथं रजिस्टर आहे, तंटा झाला तर दाद मागता येते. मी मागितली नाही. मागणाऱ्याला पुढचं काम मिळत नाही असं प्रत्येकानं मला सांगितलं होतं, आणि मीही पुढे कोणाला तरी तेच सांगितलं.

आणि हे मी मुंबईत शिकलो असंही म्हणता येणार नाही. मी बारा-तेरा वर्षांचा असतानाची गोष्ट. आमच्या शेतात कापूस वेचायला गावातल्याच बाया येत. वेचणी किलोवर. त्या वर्षी बायांनी दीडचे दोन रुपये मागितले. पुढे होऊन बोलणारी एक बाई होती, आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. तिनं आमच्या ओट्याखाली उभं राहून सांगितलं, ‘आप्पा, दोन नही दिधात ते आम्हीन येवाव नहीत.’ आप्पा म्हणाले, नका येऊ. कापूस बोंडातून लोंबायला लागला होता आणि आभाळ भरून येत होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे आप्पांनी एक चारशेसात, म्हणजे टाटाची मालगाडी टेम्पो, भाड्यानं घेतली आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून पावरा आदिवासी बाया भरून आणल्या. दीड रुपयात. त्यांच्याकडे तेव्हा तेवढंही काम नव्हतं. मी ड्रायव्हरशेजारी बसलो होतो, मला मजा वाटत होती. गाडी मारुतीच्या पारावरून वळली तेव्हा गावातल्या बाया तिथं बसलेल्या होत्या. कोणी दगड मारला नाही, शिवी दिली नाही. मावशीनं गाडीत मागे बसलेल्या बायांकडे पाहिलं, त्यांनी तिच्याकडे. दोन्हीकडे डोक्यावर तसेच मळके पदर, कडेवर तशीच पोरं.

दोन महिने मावशी आमच्या घरी ताक न्यायला आली नाही. पुढच्या वर्षी दीड रुपयातच वेचायला आली.

खान्देशाला संप नवीन नाही, हे मला पुस्तकांतून फार नंतर कळलं. आमच्या शेजारच्या अमळनेरला प्रताप गिरणी होती. तिथल्या प्रताप हायस्कूलचे मास्तर साने गुरुजी म्हटलं की लोकांना आईच आठवते, पण याच गावातून १९३८ मध्ये गुरुजींनी ‘काँग्रेस’ नावाचं साप्ताहिक काढलं आणि ते शेतकऱ्यांत आणि गिरणी कामगारांत हिंडत होते. पुढे १९७२ मध्ये शहाद्याकडे श्रमिक संघटना उभी राहिली, आदिवासींचे नेते अंबरसिंग महाराज यांच्या भागात, सालदारांची आणि भूमिहीन आदिवासींची. सालदार म्हणजे वर्षभराच्या बोलीवर बांधलेला गडी, रात्री पाणी धरायलाही त्यानंच जायचं. शाळेत मला यातलं काही शिकवलं नाही. चारशेसात मात्र मी स्वतः पाहिली होती.

जून उजाडला. पाऊस नाही. त्या वर्षी मान्सून महिनाअखेरीपर्यंत रखडला. बियाणं १ जूनपासून मिळायला लागलं, बीटीचं पाकीट ८५३ रुपयांना, खतं वेगळी, सोसायटीचं कर्ज वेगळं. आणि व्यापारी शांतपणे खाली उतरत होता. सव्वासात. सात. त्याला घाई नव्हती. त्याला पेरणीची तारीख माहीत होती.

मग एक दिवस आमच्या गल्लीतल्या एकानं रात्री टेम्पो बोलावला. सकाळी त्याचं दार उघडं, खोली रिकामी, पोरं आत क्रिकेट खेळत होती. त्याच्यावर कोणी चिडलं नाही, कारण त्याच्या मुलीचं लग्न होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या दिवसापासून प्रत्येक जण दुसऱ्याच्या दाराकडे बघायला लागला. आठवडाभरात चार घरं रिकामी झाली. २२ जूनला आप्पांनीही ‘इकी टाकू’ म्हटलं. सात हजारांच्या आत. पंचेचाळीस क्विंटल. हमाल गाठोडी बांधताना शिंकत होते, माय झाडू घेऊन मागे मागे. संध्याकाळी पुढच्या खोलीची फरशी सात महिन्यांनी दिसली. आप्पा त्या मोकळ्या खोलीत खुर्ची टाकून बराच वेळ एकटेच बसले होते.

त्याच आठवड्यात मला फोन आला होता. मुंबईतला एक ओळखीचा, पूर्वी एडिटिंग करायचा, आता ‘कंटेंट’ बघतो. बाहेरचं काम आहे म्हणाला. इंग्रजी मालिका, वनलाइन म्हणजे कथेचा आराखडा तयार आहे, सीन फोडून द्यायचे. पानावर पैसे, आठवड्याला ट्रान्सफर, नाव नाही. त्यानं पानाचा जो दर सांगितला त्यात बियाण्याची तीन पाकिटं येत होती. मी विचारलं, कोणासाठी? तो म्हणाला, भाऊ, ते विचारू नको, मलाही माहीत नाही. आधी दोन सीनचा नमुना पाठव.

इथं मी नकार दिला असं लिहिता आलं असतं. वाचायला बरं वाटलं असतं, आणि खरं-खोटं तपासायला तुम्ही कोणाला विचारणार? मी दोन रात्री बसून नमुना लिहिला. चांगल्या, नीट इंग्रजीत. ते काम संपाच्या आड येणारं होतं का, मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायचं मी टाळलं. दुसऱ्या सीनमध्ये एक बाई कपड्यांच्या घड्या करता करता बोलत होती. घड्या लिहिताना माझा हात एकदा थांबला. मग मी फाइल पाठवली.

उत्तर आलं नाही. आठवड्यानं मेसेज टाकला, दोन निळ्या खुणा आल्या, बाकी काही नाही. दुसरं कोणी कमी दरात मिळालं असेल, किंवा यंत्रानंच लिहिलं असेल. यंत्राचीही भीती त्या संपात होतीच. आप्पांनी एकदा विचारलं होतं, ‘मशीन लिखी ते मंग तू काय करशी?’ मी म्हटलं, कापूस वेचेन, त्याचं मशीन आपल्या बांधावर अजून आलेलं नाही.

जुलैत तिकडून एक बातमी आली. स्टुडिओंच्या बाजूच्या कोणा अधिकाऱ्यानं नाव न सांगता म्हटलं होतं की लेखकांची घरं, भाड्याच्या जागा हातच्या जायला लागेपर्यंत हे असंच लांबू द्यायचं. लोक खवळले, कंपन्यांनी हात झटकले. मी मात्र चकित झालो नाही. मोकळ्या झालेल्या मधल्या खोलीत पंख्याखाली वाचत होतो, आणि आमचा कापसाचा व्यापारी मला डोळ्यांसमोर दिसला. तो इतकं उघड कधी बोलला नसता. त्याला बोलायची गरजच नसते.

१४ जुलैला नटही संपात उतरले. लेखक आणि नट एकाच वेळी बाहेर, १९६० नंतर पहिल्यांदा. मला वाटलं आता मोडेल, कारण माझ्या अनुभवात सगळं जूनअखेर मोडतं. ऑगस्ट गेला. फाटकांसमोर लोक फिरतच राहिले. मदतीचे निधी होते, एकमेकांना जेवण पोचवलं जात होतं. आणि ते रांगेतले, सभासद नसलेले? त्यांच्यातले कितीतरी जण पाटी घेऊन सभासदांबरोबर फिरत होते. एका फोटोत माझ्याच वयाची एक मुलगी होती. तिच्या पाटीवर लिहिलं होतं की मी अजून गिल्डमध्ये नाही, येईन तेव्हा गिल्ड असू दे. शब्द वेगळे असतील, मला अर्थ तेवढा आठवतो. मी तो फोटो मोठा करून बराच वेळ बघितला.

२७ सप्टेंबरला संप सुटला. १४८ दिवस. करारात मिळालं काय? दर वाढला, मालिकेच्या आकाराप्रमाणे लेखकांच्या खोलीत किमान किती लेखक हवेत ते ठरलं, यंत्रानं लिहिलेलं लेखकाचं लिखाण म्हणून धरायचं नाही असं ठरलं. मालिका पहिल्या नव्वद दिवसांत देशातल्या ग्राहकांपैकी वीस टक्क्यांइतक्यांनी बघितली तर लेखकाला वेगळा बोनस. नव्वद दिवस! मला उगीच हसू आलं. तिकडे नव्वद दिवसांत लोक किती बघतात ते मोजणार, इकडे नव्वद दिवसांनी पैसे येतात का ते आम्ही मोजतो. त्या रात्री ताईंचा नंबर काढला, ‘संप सुटला’ एवढं टाइप केलं आणि खोडून टाकलं.

ऑक्टोबरमध्ये आमचा कापूस फुटला. पाऊस लांबल्यामुळे बोंडं कमी होती, पण होती. आप्पांच्या गुडघ्यांमुळे आता बोलणी करायला मी जातो. मावशीकडे गेलो. ती आता सत्तरीची असेल, वेचायला कमीच जाते, पण टोळी अजून तिच्याच शब्दावर चालते. ओट्यावर बसून तुरीच्या काड्यांचा खराटा बांधत होती. हातातलं काम न थांबवता म्हणाली, ‘बारा लिसूत. बाराना खाले नही.’

मी म्हटलं, मावशी, आप्पा दहा म्हणतोय.

‘मंग जा ना वर. गाडी भरी आन.’

ती हे इतक्या सहज म्हणाली की मला काही सुचलं नाही. तिला चारशेसात आठवत होती. मी कुठे बसलो होतो तेही आठवत असणार. तिनं खराट्याची गाठ दातांनी आवळली, बाजूच्या पिशवीतून साधा बटणांचा मोबाइल काढला आणि माझ्यासमोर धरला. ‘वरल्या बायास्ना नंबर शे मनाजोडे. कालदिन बोलनूत आम्हीन. त्या बी बाराच लिथीन.’

मी तिथूनच पायथ्याच्या पिकअपवाल्याला फोन लावला. लावायचाच होता, आप्पांनी सांगितलं होतं. तो म्हणाला, बारा रुपये किलो, आणि गाडीभाडं वेगळं. मी म्हटलं, दहानं कोणी नाही? तो म्हणाला, दुसऱ्या पाड्यावर विचारून बघतो, पण बाया एकमेकींना फोन करतात हो आजकाल.

आप्पा रात्री फार बोलले नाहीत. गुडघ्याला तेल लावत म्हणाले, ‘बारा ते बारा.’

पहिल्या दिवसाच्या वेचणीला मावशी स्वतः आली. संध्याकाळी बांधावरच्या निंबाला काटा टांगला. बाया लुगड्याच्या धडप्यात बांधलेली गाठोडी डोक्यावरून आणत होत्या, मी वजन बघून वहीत लिहीत होतो. एकीचे चौतीस किलो, दुसरीचे एकोणतीस. मावशीच्या गाठोड्याचे बावीस भरले. या वयात बावीस म्हणजे थोडे नाहीत. ती गेली नाही, माझ्या मागे येऊन उभी राहिली.

‘मनं नाव लिखं का?’

लिहिलं म्हटलं. तिला वाचता येत नाही. तिनं कापसाच्या नखांनी ओरखडलेलं बोट वहीवर आणलं, एका ओळीवर ठेवलं.

‘आठे?’ इथं का, असं विचारत होती.

मी तिचं बोट धरून एक ओळ वर सरकवलं.